दुसरा ड्रायव्हर

आमच्या गुणवंतरावांना काही समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. एका गाडीमागे एकच ट्रेलर ओढता येतो, हे मी सांगून पाहिलं. इथे आखातात, रास अल खोरच्या गॅरेजमधल्या अबुजर मेकॅनिकनंही सांगितलं, "साब, दो नहीं चलेगा, पुलिस रोकेगी." आमचे दोन्ही ट्रेलर त्याच्याच यार्डात असतात. एकावर निजायची केबिन, दुसऱ्यावर निनादची छोटी बोट.

निनाद आमचा एकुलता एक. थंडी सुरू झाली की आम्ही समुद्रावर कॅम्पिंगला जायचो. पुढे केबिन घेऊन हे, मागून स्वतःच्या गाडीनं बोट ओढत निनाद. गेल्या रमजानमध्ये तो ताप आला म्हणून ॲडमिट झाला आणि घरी परत आलाच नाही. त्याची गाडी आम्ही विकली. बोट विकायचं नाव मात्र यांनी काढू दिलं नाही.

"मग दोन खेपा करा," मी म्हटलं.

"त्याची बोट कधी मागे राहिलीय का? आमच्या सांगलीकडे उसाच्या ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या असतात. कारखान्यापर्यंत मीच न्यायचो. खलास, मला शिकवू नकोस."

"तो ट्रॅक्टर होता. आणि ती सांगली होती."

"आणि तू त्याचा फोन रोज चार्ज करून पर्समध्ये घेऊन फिरतेस, ते चालतं?"

केबिनच्या मागे यांनी स्वतःच हुक बसवला, बोट जोडली आणि आम्ही निघालो.

हायवेवर बोट शेपटीसारखी डोलत होती. मला भीती वाटत होती, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटत होतं. वळणावर आरशात बोट दिसली की वाटायचं, निनाद मागून येतोय.

पोलिसांनी थांबवलंच. पोलीस तरुण पोरगा होता, मोडक्या हिंदीत पण अदबीनं बोलत होता.

"अंकल, एक गाड़ी, एक ट्रेलर. फाइन तो लगेगा. बोट इधर छोड़ो, दूसरा ड्राइवर बुलाओ. अपनी गाड़ी लाएगा, ले जाएगा."

"हाँ हाँ, लड़के को बुलाता हूँ," हे म्हणाले.

वाटेत काही अडलं की हे निनादलाच फोन लावायचे. त्याच सवयीनं खिशातून फोन काढला, नंबर लावला आणि कानाला धरून उभे राहिले.

माझ्या पर्समध्ये रिंग वाजू लागली.

यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. तरी कानाचा फोन काही त्यांनी खाली घेतला नाही.

"आ रहा है?" पोलिसानं विचारलं.

रिंग वाजतच होती. मला तो फोन उचलवेना, आणि बंदही करवेना.