खांबापाशची किटली

"आरं परदीप, माझी म्हैस एक. तीन-साडेतीन लिटरच्या वर कदी गेली न्हाई ती. आज सात लिटर दूद कुटनं आलं?"

मुक्ताबाई दूध डेअरीच्या खिडकीत चिठ्ठी नाकाशी धरून उभ्या होत्या. सात लिटरचा आकडा बघून एखादी गुपचूप निघून गेली असती. पण त्याच चिठ्ठीवर खाली फॅट छापली होती साडेतीन, आणि म्हशीच्या दुधाला साडेतीन फॅट म्हणजे सरळसरळ निम्मं पाणी. अख्ख्या पवन मावळात मुक्ताबाईंना असलं कोणी बोललं नव्हतं.

"म्या पानी घालते व्हय रं दुदात?"

"न्हाई हो मावशी. थांबा जरा," प्रदीप ओव्हाळ म्हणाला, आणि त्याने चिठ्ठी परत मागून घेतली.

काय झालंय ते त्याला तेव्हाच कळलं होतं. डेअरीच्या कॉम्प्युटरला दोन वायरी येत, एक वजनकाट्याची आणि एक फॅट मशिनची. आज काट्याचा आकडा फॅटच्या जागी पडत होता आणि फॅटचा लिटरच्या. का पडत होता, तेही त्याला ठाऊक होतं. आठवडाभर पडद्याच्या कोपऱ्यात 'अपडेट करा' म्हणून एक लाल ठिपका डोळे वटारत होता. तळेगावच्या कंपनीत काम करणाऱ्या त्याच्या भाचीने, कोमलने, या जुन्या कॉम्प्युटरवरचं विंडोज काढून फुकटातलं लिनक्स टाकून दिलं तेव्हाच बजावलं होतं, "मामा, चाललंय ना? मग हात लावायचा नाही." काल संध्याकाळी मामांनी हात लावला. सुखातला जीव दुःखात घालायची हौस माणसाला उपजतच असते.

डेअरीच्या रांगेत माणसं नसतात, किटल्या असतात. पहाटे ओट्यावर किटली ठेवायची आणि चहाच्या टपरीवर जाऊन बसायचं. पण मुक्ताबाईंचा आवाज टपरीपर्यंत पोचला आणि माणसंही आली. सर्वांत पुढे हौशीराम.

"त्यात काय एवढं? हातानं लिही की," हौशीराम म्हणाला आणि सगळ्यांकडे बघून हसला. "पूर्वी लिवायचेच की हातानं."

ते हसू प्रदीपला बरोबर कळलं. पूर्वी फॅट हातानं लिहिली जायची आणि ती दूध बघून नाही, माणूस बघून लागायची. मग श्रीपतीआबा चेअरमन झाले. त्यांनी मशिन आणलं आणि त्यावर बसवला विहाराच्या आळीतला प्रदीप. 'आता ह्यांनी आमचं दूध मोजायचं का?' असं तोंडावर कोणी म्हणालं नाही. पण पहिलं वर्षभर एकूणएक माणूस चिठ्ठी उन्हात धरून वाचायचा, आणि काही जण तर किटली घरूनच मोजून आणायचे. प्रदीपने कधी तोंड उघडलं नाही. काटा रोज पुसला, मशिन रोज धुतलं. हळूहळू लोक चिठ्ठी न वाचताच खिशात कोंबू लागले. ती न वाचलेली चिठ्ठी हीच त्याची कमाई होती, पगार आपला नावाला. आज एक आकडा जरी त्याच्या हातून लिहिला गेला, तर उद्यापासून सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा उन्हात जाणार होत्या.

"हातानं लिहिणार न्हाई भाऊ," तो म्हणाला. "चूक माजी हाय. काल मीच नको ते बटण दाबलं. टँकर येईस्तवर येळ द्या."

त्याने कोमलला फोन लावला. ती कंपनीच्या बसमध्ये होती.

"मामा! सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"शिव्या मागनं घाल गं. आधी उपाय सांग."

"कुठली वायर कुठल्या मशिनची हे ओळखणारा एक प्रोग्राम असतो, यूडेव्ह. दारावरच्या वॉचमनसारखा समजा. काल तो बदलला. जुना नेहमी काटाच आधी बघायचा म्हणून चालत होतं, नव्याचा तसा नेम नाही. मग जी वायर आधी दिसेल ती त्याची एक नंबर."

"मग वायरी काढून पुन्हा घालू? आधी काटा, मग फॅट?"

"आज चालेल. उद्या लाइट गेली की पुन्हा येरे माझ्या मागल्या. प्रत्येक वायरला आतून एक नंबर असतो, तो बघू. मी सांगते ते टाइप करा."

प्रदीपने एकेक अक्षर शोधून टाइप केलं. दोन्ही वायरींचं नाव एक, कंपनी एक, आणि नंबराच्या जागी काहीच नाही.

"स्वस्तातल्या आणल्या होत्या ना आपण," कोमल हळूच म्हणाली. "दोघी जुळ्या. अवघड आहे, मामा. मी संध्याकाळी येऊन बघते."

संध्याकाळी! सकाळचं दूध काय तोवर थांबणार होतं? तेवढ्यात ओट्यावर भांडण पेटलं. सांडलेलं दूध धुताना कोणीतरी किटल्या इकडच्या तिकडे सरकवल्या होत्या आणि हौशीरामच्या हातात भलतीच किटली होती.

"ठेव ती! सरूबाईची हाय," मुक्ताबाई ओरडल्या.

"कशावरनं? सगळ्या वडगावच्या एकाच दुकानातल्या. नाव हाय का तिच्यावर?"

"नाव कशाला पायजे? सरूबाई रोज खांबापाशी ठेवती. खांबापाशची ती तिची. तुजी पायरीपाशी असती, ती बग तितं पडलीया."

प्रदीप फोन कानाला लावूनच कॉम्प्युटरच्या मागे वाकला.

"कोमल, वायरीला नाव नसलं तर नसू दे. ती कुठल्या भोकात घातलीय त्यावरनं ओळखता यील का?"

बसच्या घरघरीवर कोमलचा आवाज चढला.

"येईल की! पोर्टवरून येईल. माझ्या कसं डोक्यात नाही आलं? पण मग वायरी हलवायच्या नाहीत हं, कधीच."

"न्हाई हलवत माजे आई. सांग लवकर, टँकर घाटमाथ्याला आला असंल."

तिने सांगितलं, त्याने लिहिलं. पहिल्यांदा एक स्वल्पविराम राहिला आणि काहीच झालं नाही. दुसऱ्यांदा तिने ओळ परत वाचून घेतली. मग प्रदीपने मुद्दाम लाइटचं मुख्य बटण बंद केलं, पुन्हा चालू केलं. कॉम्प्युटर उठेपर्यंत अख्खा ओटा खिडकीत डोकावत होता, हौशीरामसुद्धा.

मुक्ताबाईंचं दूध काट्यावर तसंच होतं. लिटर साडेतीन. नमुना मशिनला लावला. फॅट सात.

"आता कसं!" मुक्ताबाई म्हणाल्या. "म्हशीची अब्रू राह्यली गं बाई."

सगळे हसले. प्रदीपने खुर्चीला पाठ टेकली आणि त्याला इतकं हलकं वाटलं, की टँकरवाल्याचा कर्कश हॉर्नसुद्धा गोड लागला. पण रांग पुढे सरकली तसं त्याला दिसलं. प्रत्येक जण चिठ्ठी घेऊन पायरीवर थांबत होता आणि उन्हात धरून वाचत होता. हौशीरामने तर खिशातून चष्मा काढून दोनदा वाचली. वाचू देत, प्रदीपने मनाला समजावलं, चूक आपलीच. तरी ते जिव्हारी लागलंच.

दुपारी त्याने दोन्ही वायरी सुतळीने करकचून बांधल्या. घरून बायकोची, रेणुकाची, नेलपॉलिश मागून आणली आणि एका पोर्टला लाल ठिपका दिला. "मला कदी आणली न्हाईत एवढ्या हौसेनं," रेणुका म्हणाली.

संध्याकाळी पहिली किटली हौशीरामची होती. प्रदीपने दूध मोजलं, नमुना लावला आणि चिठ्ठी खिडकीतून पुढे केली. हौशीरामचा हात खिशात गेला. प्रदीपने नजर काट्यावर वळवली. चष्मा निघणार ते त्याला बघायचं नव्हतं.

खिशातून निघाली मशेरीची फुटकी डबी. हौशीरामने चिठ्ठी तळहातावर पसरली, डबीतली मशेरी तिच्यावर झटकली आणि चांगली घट्ट पुडी बांधली.

"डबी गळाया लागलीय," तो म्हणाला. "येतो रं, परदीप."

"या भाऊ," प्रदीप म्हणाला, आणि त्याने खांबापाशची किटली पुढे ओढली.