गरम डब्याचं अंतर

कंधारच्या फरीदाबीला किलोमीटर कळत नव्हते असं नाही, तिचा त्यांच्यावर भरवसा नव्हता एवढंच. लेक लुबना डॉक्टरकीच्या शिकवणीसाठी दोन वर्षं लातूरला होती, तेव्हा सकाळच्या एसटीनं बसवंत कंडक्टरच्या हाती तिचा डबा जायचा. अर्धा तालुका असेच डबे पाठवायचा. डबा गरम पोचला की लेक जवळ, हे फरीदाबीचं साधं माप.

आणि आता लुबनाचा नंबर लागला तो थेट दिल्लीला!

"न्हाई म्हंजे न्हाई," फरीदाबी म्हणाली. "तिथवर कोणता कंडक्टर डबा नेतो?"

लुबना शिकवणीत तयार झालेली. "अम्मी, लातूरला एसटीनं अडीच तास लागायचे, तेबी डायवर अहमदपूरला चहाला रेंगाळला न्हाई तर. नांदेडहून दिल्ली विमानानं दोन तास. मग जवळ काय हाय?"

शिलाई मशीनवरून वाजिदनं मान वर केली. "हिसाब बरोबर हाय की."

"तुम्ही गप बसा," फरीदाबीनं नवऱ्याला दटावलं, पण हिसाबात ती अडकली खरी. शेवटी तिनं अट घातली. डबा संगं न्यायचा आणि दिल्लीत खोलीवर गेल्यावर उघडायचा. गरम असला तर राहायचं, गार झाला असला तर उलट पावली परत. लुबनानं अब्बाकडं बघितलं आणि हो म्हटलं.

जायच्या दिवशी सकाळी धपाटे थापून झाले, तवा तापत आला आणि गॅस संपला. दारात जीपवाला भोंगा वाजवत होता. शेजारच्या नागुबाईची चूल पेटलेली होती, एक हाक पुरली असती. फरीदाबीनं हाक मारली नाही. रात्रीचे उरलेले गारढोण धपाटे तिनं डब्यात भरले, वर शेंगाची चटणी घातली, फडकं घट्ट बांधलं आणि वर तोंड करून म्हणाली, "संभाळ गं, चटका बसंल."

नांदेडच्या विमानतळावर वाजिद हुंदके देऊन रडला. फरीदाबीच्या डोळ्यांत टिपूस नाही. कशाला रडायचं? पोरगी दोन दिवसांत घरी येणारच होती.

घरी आल्यावर मात्र लुबनाची रिकामी खाट दिसली आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. पोरीनं दोन वर्षं मान मोडून अभ्यास केला आणि आपण तिला शिळ्या धपाट्यांवर माघारी बोलावतोय!

संध्याकाळी फोन आला.

"अम्मी, पोचले खोलीवर. विमान सुटायलाच लई उशीर झाला, मग इथं गर्दीत अडकले."

"आन् डबा?" फरीदाबीनं भीत भीत विचारलं.

पलीकडं डब्याचं झाकण खणकलं.

"गरम हाय, अम्मी. आत्ताच उघडला. बोटाला चटका बसला बघ."

फरीदाबीला पदर तोंडाशी धरावा लागला.

"फुंकर घालून खा मग," ती म्हणाली आणि फोन वाजिदच्या हातात देऊन पोटभर रडली.