डावीकडे बघणारी

थोरल्या जावयानं सासूबाईंना दोन कवळ्या करून दिल्या होत्या, एक रोजची आणि एक चारचौघांत जायची. त्या बदल्यात त्याला त्या घरातून काहीही नको होतं. धाकट्या जावयाला काही मिळू नये, एवढीच त्याची माफक अपेक्षा होती.

सासूबाईंनी घर बदललं त्या दिवशी ही अपेक्षा धुळीला मिळाली. माळ्यावरचं सामान उतरवायला धाकटा गेला. थोरल्याला जाता आलं नाही, कारण दंतवैद्यांना कवळ्या करून देणं हा त्याचा धंदा, आणि एका गिऱ्हाइकाला दुसऱ्या दिवशी निरोपसमारंभात भाषण करायचं होतं. ते दातांशिवाय करायला गिऱ्हाईक तयार नव्हतं. इकडे धाकटा घामाघूम झाला, सासूबाईंना दया आली, आणि यातलं हवं ते घेऊन जा, असं त्या म्हणाल्या. शहाण्या माणसानं टेबलफॅन नेला असता. धाकट्यानं पत्र्याच्या ट्रंकेतून एक जुनी बाहुली नेली. देताना सासूबाई कौतुकानं हसल्या असणार, आणि तेही आपण केलेल्या दातांनी, हा विचार थोरल्याला नेमका जेवताना यायचा आणि घास घशात अडकायचा.

बाहुली साधीसुधी असती तर त्यानं मोठ्या मनानं सोडून दिलं असतं. निदान तो तसं सांगायचा. पण थोरला स्वतः फॅशनच्या बाहुल्या जमवायचा. म्हणजे लांब पायांच्या, मूठभर कमरेच्या, मुली खेळतात त्याच, पण जुन्या, दुर्मिळ, आणि शक्यतो कुणी कधीच न खेळलेल्या. त्यांचे बूट दाढेएवढे असतात आणि हातमोजे सुळ्याएवढे, त्यामुळे त्याला त्या कधी परक्या वाटल्याच नाहीत. अशा लोकांचं एक मंडळ होतं. मंडळाचं दर वर्षी प्रदर्शन भरायचं, आणि त्या प्रदर्शनात मधोमध एक काचेचं कपाट असायचं, ज्याला स्वतंत्र दिवा होता. त्या दिव्याखाली कित्येक वर्षं थोरल्याचीच बाहुली उभी राहत आली होती. हिरवा कोट, कानात मोती, आणि कारखान्यातून निघाल्यापासून एकदाही न उघडलेलं खोकं, ज्याच्या पारदर्शक खिडकीतून ती दिसायची. इतक्या वर्षांत आपणही तिला हात लावलेला नाही, हे तो अभिमानानं सांगायचा. बायको तेव्हा दुसरीकडे बघायची.

या हिरव्या कोटाच्या झाडून साऱ्या बाहुल्या स्वतःच्या उजवीकडे बघतात. समोर बघितलं तर बाई आगाऊ वाटेल, अशी त्या काळच्या कारखानदारांची समजूत. पण मंडळात एक जुनी वदंता होती, की एका सकाळी कुणीतरी डोळे रंगवायचा साचा उलटा लावला, आणि चूक ध्यानात येईपर्यंत थोड्याशा बाहुल्या डावीकडे बघत बाहेर पडल्या. अशी ‘डावी’ पाहिलेलं कुणी हयात नव्हतं. पाहिलेल्याला ओळखणारे मात्र पुष्कळ होते.

सासूबाईंच्या ट्रंकेतली बाहुली याच जातीची होती, आणि डावीकडे बघत होती.

आणि धाकट्याला हा नाद लावला कुणी, तर थोरल्यानंच. आपलं कपाट दाखवून त्याला दिपवावं, एवढाच हेतू होता. पण धाकटा दिपला तो दिपलाच, आणि दुसऱ्या महिन्यात मंडळाचा सभासद झाला. तो गाडी चालवायला शिकवायचा. दिवसभर शेजारी बसून अनोळखी माणसांना आपला जीव घेऊ न देणं, हे काम करून करून त्याच्या अंगात एक शांतपणा मुरला होता. तो कुणाबद्दल वाईट बोलायचा नाही, कुणावर चिडायचा नाही. माणूस चांगला असणं ही त्याची सगळ्यात वाईट खोड होती. थोरल्याला त्याच्यात नाव ठेवायला जागाच सापडायची नाही, आणि त्यामुळे तो आणखी जळायचा.

मंडळाच्या अध्यक्षबाई म्हणजे डोळ्यांच्या निवृत्त डॉक्टर. त्यांनी ‘डावी’च्या डोळ्यांत टॉर्च मारला, बराच वेळ बघितलं, आणि नजर उत्तम आहे असं सांगितलं. सवय जात नाही. मग भानावर येऊन म्हणाल्या, कारखान्यातलीच चूक आहे, वादच नको. यंदा मधलं कपाट हिलाच.

प्रदर्शनाचा नकाशा त्यांनी थोरल्याच्या हातात ठेवला. मधल्या कपाटातल्या बाहुलीच्या डाव्या हाताला एक बुटकं कपाट होतं, त्यातल्या खालच्या फळीवर त्याच्या बाहुलीची जागा.

“तुम्ही काय, घरचेच,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “तुम्ही समजून घ्याल.”

थोरल्यानं समजून घेतलं. मग घरी येऊन त्यानं एका निरपराध माणसाच्या कवळीत दोन दात उलटे बसवले.

रविवारी धाकट्याकडे जाणं म्हणजे शिक्षा होती. ‘डावी’ बैठकीच्या खोलीत टीव्हीशेजारी उभी असायची आणि धाकट्याच्या खुर्चीकडे बघत असायची. पाहुण्यांच्या सोफ्यावरून तिचा फक्त गाल दिसायचा. थोरला पाणी पिण्याच्या निमित्तानं उठायचा, खिडकी लावायला उठायचा, एकदा तर पंखा पुसायला उठला. कुठेही उभं राहिलं तरी ती धाकट्याकडेच बघायची.

प्रदर्शन पंधरवड्यावर आलं आणि ‘डावी’चा कान हिरवा पडला. जुन्या बाहुल्यांना हा आजार होतो. कानातल्याची धातूची दांडी आतून गंजते आणि तो हिरवा रंग प्लॅस्टिकमध्ये उतरतो. धाकटा तिला मऊ टॉवेलात गुंडाळून थोरल्याच्या कारखान्यात घेऊन आला. कारखाना म्हणजे घराचीच मागची खोली, जिथे फळ्यांवर लोकांचे जबडे ओळीनं हसत बसलेले असायचे.

“साडूभाऊ, हिला तुमच्याशिवाय कुणाच्या हवाली करणार?” धाकटा म्हणाला. “आठवडाभर ठेवून घ्या. तुमच्या हाताला गुण आहे.”

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. थोरल्याला ते पाणीसुद्धा आपल्यापेक्षा स्वच्छ वाटलं.

उपाय त्याला ठाऊक होता. मुरमांवरचं मलम कानाला लावायचं आणि बाहुलीला रोज उन्हात बसवायचं. तारुण्यपीटिका आलेल्या मुलीसारखी ती खिडकीत बसू लागली. रोज कान थोडा फिका होई आणि थोरल्याचं जेवण थोडं कमी होई. आपण आपल्याच हातानं आपल्या वैरिणीला बरं करतोय, हे त्याला कळत होतं. पण काम वाईट करणं त्याला जमत नव्हतं. उलटे बसवलेले ते दोन दातही त्यानं दुसऱ्या दिवशी सरळ केले होते.

कान बरा झाला त्या दुपारी त्यानं तिचं तोंड पुसायला घेतलं. डोळ्याला भिंग लावलेलंच होतं. आणि ‘डावी’च्या डाव्या बुबुळात, काळ्या रंगात रुतलेला, त्याला ब्रशचा एक केस दिसला.

साच्यातून फवारलेल्या रंगात केस नसतो.

कापसाचं टोक त्यानं स्पिरिटमध्ये बुडवलं आणि बुबुळावर अगदी हलकं फिरवलं. काळा रंग निघाला, मग पांढरा निघाला, आणि खालून कारखान्याचा जुना डोळा वर आला. तो उजवीकडे बघत होता. वदंतेतली ‘डावी’ नव्हतीच ही. चारचौघींसारखी उजवीच होती. कुणीतरी तिचे डोळे मागाहून फिरवले होते.

त्याच्या छातीत मोठ्ठा बँड वाजू लागला. अध्यक्षबाई, मधलं कपाट, दिवा, धाकट्याचं ते चांगलं तोंड, सगळं त्याला एकदम दिसलं. आता एकच डोळा राहिला होता. बाहुली सध्या एका डोळ्यानं भिंतीकडे आणि दुसऱ्यानं दाराकडे बघत होती.

दारात बायको उभी होती.

“हे काय केलंत?” ती म्हणाली.

त्यानं सांगितलं. सांगताना तो हसत होता, आणि फळीवरचे सगळे जबडे त्याला साथ देत होते. बायको हसली नाही. तिनं बाहुली हातात घेतली, निरखली, आणि स्टूल ओढून खाली बसली.

“हे मी केलं होतं.”

बाहुली दोघी बहिणींत एकच होती. रात्री ती पलंगावर मधोमध टेकवून ठेवायची, अशी आईची आज्ञा. धाकटी भिंतीकडची जागा सोडायची नाही, आणि बाहुली भिंतीकडे बघायची. म्हणजे सगळी रात्र धाकटीकडे. वर धाकटी रोज सकाळी उठून सांगायची, बघ, ती माझ्याकडेच बघत होती. वडील घड्याळजी होते. तबकडीवरचे आकडे रंगवायचा त्यांचा केसाएवढा ब्रश आणि रंगाच्या डब्या एके दिवशी थोरलीनं घेतल्या, आणि बाहुलीला स्वतःकडे बघायला लावलं. दुसऱ्या दिवशी धाकटीला फणफणून ताप आला. डॉक्टरांना कारण सापडलं नाही.

“उत्तम,” थोरला म्हणाला. “आता दुसरा डोळा पुसतो, आणि जे खरं ते जगासमोर ठेवतो.”

“म्हणजे ती परत तिच्याकडे बघायला लागणार.”

“अगं, बाहुली आहे ती. ती कुणाकडेच बघत नाही.”

“मग तुम्ही आठवडाभर जेवत का नाही?”

कवळीच्या धंद्यात एवढी वर्षं काढूनही त्याची दातखीळ बसली.

“ती माझ्याकडे बघायची,” बायको म्हणाली. “हे आमच्या घरात सगळ्यांना मान्य आहे. आता तुम्ही साडूवर जळता म्हणून मी हरायचं का?”

“मी जळत नाही.”

“मग रंगवा.”

तो कोंडीत सापडला. डोळा पुसला तर साडू हरणार, पण मेहुणी जिंकणार, आणि मेहुणी जिंकल्यावर या घरात राहायचं कसं? डोळा रंगवला तर बायको जिंकणार आणि मधलं कपाट साडूला. बायकोनं दिवा जवळ ओढला आणि त्याच्या खांद्यामागे उभी राहिली. इतक्या जवळ ती गेल्या कित्येक वर्षांत आली नव्हती. हा तरी फायदा, असं त्यानं मनाशी म्हटलं.

त्यानं सगळ्यात बारीक ब्रश घेतला. दोन्ही डोळे नव्यानं करतो म्हणाला, नाहीतर जोड दिसेल. बायको म्हणाली, डावीकडे हं. तो म्हणाला, डावीकडेच. आणि मग त्याची नजर भिंतीवर टोचलेल्या प्रदर्शनाच्या नकाशावर गेली. डाव्या हाताला बुटकं कपाट. खालची फळी.

त्यानं दोन्ही बुबुळं डावीकडे काढली, आणि एक केसभर खाली.

बायकोला ते कळलं नाही. धाकट्यालाही नाही. तो कान बघून एवढा हरखला की त्यानं थोरल्याला मिठी मारली.

प्रदर्शनाच्या दिवशी मधल्या कपाटातला दिवा लागला आणि ‘डावी’ झळकली. लोक रांगेनं आले, तिच्यासमोर थांबले, आणि ती कुठे बघतेय ते बघू लागले. माणसाचा स्वभावच तो. तिची नजर डावीकडे, किंचित खाली, थेट बुटक्या कपाटातल्या त्या न उघडलेल्या खोक्यावर पडली होती. रांग तिकडे वळली. खोक्यातली मात्र कारखान्यानं शिकवल्याप्रमाणे उजवीकडे, नाकासमोरच्या पातळीत बघत होती, म्हणजे ‘डावी’च्या बुटांकडे. जणू तिला कपाट, दिवा, काहीच ठाऊक नव्हतं.

“मधलीचा काय जळफळाट होतोय बघ,” एक बाई मैत्रिणीला म्हणाली. “त्या कोपऱ्यातलीच्या कोटावर डोळा आहे तिचा.”

दुपारपर्यंत हे सगळ्या हॉलभर झालं. अध्यक्षबाई गंभीरपणे माहिती देऊ लागल्या की कोपऱ्यातली अधिक मोलाची असणार, नाहीतर अशी नजर पडत नाही. लोक ‘डावी’समोर क्षणभर थांबायचे आणि थोरल्याच्या फळीसमोर वाकून उभे राहायचे. वाकून वाकून काहींची पाठ धरली.

सासूबाई चारचौघांतली कवळी घालून आल्या होत्या. त्यांनी ‘डावी’कडे डोळे बारीक करून बघितलं. “ही तर पूर्वी धाकटीकडे बघायची ना गं?”

“आई, चष्मा पूस,” थोरली म्हणाली.

धाकटी शेजारीच होती. तिनं बहिणीकडे एकदा बघितलं, बाहुलीकडे एकदा बघितलं, आणि जाऊन ‘डावी’च्या डाव्या हाताला, अगदी नजरेत येईल अशी उभी राहिली. मग थोरली तिच्या पुढे जाऊन उभी राहिली.

संध्याकाळी हॉल रिकामा होत आला तेव्हा धाकटा थोरल्याजवळ आला. त्याचा चेहरा थोरल्यानं कधी पाहिला नव्हता असा झाला होता. नाही, पाहिला होता. रोज सकाळी दाढी करताना आरशात.

“साडूभाऊ,” तो हळूच म्हणाला, “आठवडाभर तुमच्याकडे होती ना. तिथेच लळा लागला तिला.”

“बाहुली आहे ती,” थोरला म्हणाला.

“ते खरं. पण घरी आल्यापासून माझ्या खुर्चीकडे बघतच नाही. खाली फरशीकडे बघते. बायको म्हणते, मला भास होतो.” “मी काय म्हणतो, तो दिवा तुमच्याच बाहुलीला शोभतो. उद्या आपण जागा बदलू या का? तुम्ही मधे या. मी खालच्या फळीवर जातो.”

याच वाक्यासाठी थोरल्यानं आठवडाभर अन्न सोडलं होतं. त्यानं दिव्याकडे बघितलं. मग ‘डावी’कडे बघितलं, जी अजूनही त्याच्या खोक्यावरून नजर काढत नव्हती. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला साडूबद्दल थोडीशी माया वाटली.

“नको हो, साडूभाऊ,” तो म्हणाला. “आम्ही खालीच बरे आहोत.”