थोरलीची बाजू

सिस्टर गेल्याचं ग्रुपला कळलं ते एका कोटाच्या खांद्यामुळे.

त्या दिवशी मालिकेत कोर्टाचा भाग होता. साडेसात वाजले तसा शिंप्याने मशीनवरचा पाय काढला, टीव्ही लावला आणि बायकोच्या खुर्चीशेजारी स्टूल ओढून बसला. खुर्चीत तो बसत नसे. बायकोचा फोन त्याने मांडीवर ठेवला. पडद्यावर वकील कोर्टाच्या पायऱ्यांवर उभा राहून पत्रकारांना काहीबाही सांगत होता. बोलता बोलता त्याने हात उंचावला आणि अंगातल्या करड्या कोटाचा खांदा घसरून दंडावर आला.

चाळीस वर्षं कोट शिवलेल्या माणसाला ते बघवेना. त्याने फोन उचलला आणि लिहिलं, "उजवा खांदा दोन बोटं उतरलाय. हा कोट याच्या मापाचा नाही. दुसऱ्या कुणाचा तरी अंगात घातलाय."

एरवी जाहिरात लागली की ग्रुपवर मेसेजची झोड उठायची. त्या दिवशी सगळे गप्प. मग बेकरीवालीचा मेसेज आला.

"सिस्टर, बऱ्या आहात ना? चारशे भागांत तुम्हाला कुणाचे कपडे दिसले नाहीत. आपली रडवी नायिका एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाईपर्यंत ड्रेस बदलून आली, तेव्हासुद्धा तुम्ही तिला रक्त कमी आहे म्हणत होतात."

आणि लगेच दुसरा. "हे कोण लिहितंय?"

पुढचा सगळा भाग शिंप्याने नुसता बघितला. मालिका संपली, टीव्ही बंद केला, आणि मग त्याने लिहिलं.

"तिचा नवरा. शिंपी आहे मी. ती गेली. सात आठवडे झाले."

हा ग्रुप त्याच्या बायकोनेच जमवलेला. ती नर्स होती. तिच्या वॉर्डाबाहेर नातेवाइकांना बसायला एक हॉल होता, तिथे टीव्ही होता, आणि संध्याकाळी भेटीच्या वेळेला ही मालिका लागायची. कुणाची आई आत, कुणाचा भाऊ आत. माणसं डोकं दुसरीकडे लावायला ती बघायची. मग पेशंट घरी गेले, काही गेलेच, पण बघणारे एकमेकांना सोडेनात. बायको निवृत्त झाली तरी ग्रुप चालू राहिला. ग्रुप सांभाळायला एक मास्तरीणबाई, निवृत्त मुख्याध्यापिका. बेकरीवाली, जिची आई वॉर्डात तीन महिने होती. एक म्हातारा पोस्टमन. आणखी चार-पाच जण, जे फक्त हसरे चेहरे पाठवायचे.

मालिकेतल्या पात्रांना ग्रुपने आपली नावं ठेवली होती. नायिका रडवी. घरातली मोठी सून थोरली. म्हाताऱ्या मालकाच्या औषधात कुणीतरी विष कालवलं आणि आळ आला थोरलीवर. चेहराच तसा, बोलणं तोडून टाकणारं. सगळा ग्रुप म्हणायचा, हिनेच केलं. एकटी सिस्टर म्हणायची, नाही.

"ज्या बाईने चार महिने त्या म्हाताऱ्याची कूस बदलली, ती विष कशाला देईल?" ती लिहायची. "द्यायचं असतं तर पहिल्याच आठवड्यात दिलं असतं. अंथरुणावरचा माणूस उलटापालटा करून बघा एकदा, मग बोला."

यावर बेकरीवाली तुटून पडायची. दोघींचं असं जुंपायचं की पोस्टमन लिहायचा, "कुणीतरी जाहिरात लांबवा रे." शिंपी मागे मशीनवर बसलेला असे. बायको लिहिता लिहिता मोठ्याने बोलत असे, ते त्याला ऐकू यायचं. तो म्हणायचा, "अगं, खोट्या बाईसाठी खरं रक्त का आटवतेस?" ती म्हणायची, "तुम्ही आपले टाके घाला."

आजारपण तिने ग्रुपपासून लपवलं. म्हणाली, "पेशंटच्या गप्पा सुरू झाल्या की मालिकेची मजा गेली. सगळे मला फळं आणून देतील आणि भांडायचं सोडतील."

ती गेल्यावर चौथ्या दिवशी शिंप्याने फोन चार्ज केला. ऐंशीच्या वर मेसेज होते. शेवटचा बेकरीवालीचा. "सिस्टर, आजच्या भागानंतर तोंड लपवून बसलात वाटतं?" त्याने "ती गेली" असं लिहिलं आणि पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. तिसऱ्यांदा त्याने लिहिलं, "थोरलीने केलेलं नाही." आणि पाठवून दिलं. त्यानंतर रोज साडेसातला बसून तो तेवढंच लिहायचा. कुणाला शंका आली नाही, कारण सिस्टरचा हट्ट सगळ्यांना माहीत होता. कोट मध्ये आला नसता तर आणखी महिनाभर हे खपलं असतं.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर दुःखाचे मेसेज आले. शिंप्याने ते वाचले. बरे होते, मनापासून लिहिलेले. पण दुपारी मास्तरीणबाईंचा मोठा मेसेज आला.

"आपण सर्वांनी एकमेकांशी फोनवर बोलून ठरवलं आहे. सिस्टरच्या आठवणीखातर आपला ग्रुप थोरलीला निर्दोष मानेल. यापुढे त्या विषयावर कुणी वाद घालू नये. सिस्टरचा नंबर महिनाअखेर आपण सन्मानाने ग्रुपमधून काढू."

खाली सगळ्यांचे हात जोडलेले. बेकरीवालीचाही मेसेज. "माझंच चुकलं. थोरली निर्दोष आहे."

शिंप्याच्या हातात एका गिऱ्हाइकाची पँट होती, उंची कमी करायची. त्याने कात्री खाली ठेवली. या मनःस्थितीत कापड कापलं तर गिऱ्हाईक अर्ध्या चड्डीत घरी जाईल, एवढं त्याला कळत होतं.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. ती दुसऱ्या शहरात नोकरीला होती. त्याने तिला वाचून दाखवलं.

"बाबा, किती चांगली माणसं आहेत."

"चांगली आहेत. म्हणून तर राग येतोय."

"कशाचा राग?"

"चारशे भाग ती एकटी लढली. एक जण तिच्या बाजूने आला नाही. आणि आता मेल्यावर सगळे एका रांगेत उभे. हा काय निकाल झाला?"

"बाबा, मालिका आहे ती." मुलगी म्हणाली. "आणि आईचा नंबर आता बंद करूया ना. लोकांना तिच्या नावाने मेसेज जातात. बरं दिसत नाही."

"मला दिसतं बरं," शिंपी म्हणाला आणि फोन ठेवला.

सकाळी त्याने दुकान उघडलंच नाही. बस पकडून तो गावाच्या दुसऱ्या टोकाला बेकरीत गेला. सकाळची गर्दी ओसरली होती. पन्नाशीची एक बाई, कोपरापर्यंत पीठ, रिकामे ट्रे एकावर एक रचत होती. त्याच्या गळ्यात टेप तशीच राहिली होती. टेप बघून तिने ओळखलं.

"शिंपीदादा?"

"हो."

"बसा. आधी बसा." तिने एक डबा उलटा करून पुढे सरकवला आणि बाहीने डोळे पुसले. पीठ गालाला लागलं.

"मी रडायला नाही आलो," शिंपी म्हणाला. "भांडायला आलोय."

"माझ्याशी? मी काय केलं?"

"काल तुम्ही लिहिलंत, थोरली निर्दोष आहे. तुम्हाला खरंच तसं वाटतं?"

"असं काय विचारता?"

"वाटतं का ते सांगा."

बाईने दुकानात कुणी नाही ना ते बघितलं. "नाही हो. पक्की आहे ती. डोळे बघा ना तिचे, कुलूप लावल्यासारखे. पण सिस्टर गेल्या, आता कशाला..."

"मग खोटं का लिहिलंत?"

"माणुसकी म्हणून."

"तिला चालत नव्हती असली माणुसकी. मी करून बघितलीय."

आणि मग त्याने तिला ते सांगितलं, जे मुलीलाही सांगितलं नव्हतं. शेवटच्या आठवड्यात बायकोच्या हातात फोन धरण्याचंही बळ नव्हतं. तिच्याच जुन्या वॉर्डात, खिडकीजवळची खाट. दर दोन तासांनी तो तिची कूस बदलायचा. तिनेच शिकवलं होतं, एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, आणि ओढायचं नाही, वळवायचं. एका संध्याकाळी तिने विचारलं, काय झालं आज मालिकेत? त्याने काही बघितलं नव्हतं. पण तिचा चेहरा बघून तो बोलून गेला, "थोरली सुटली. वकीलच खुनी निघाला. सगळ्यांनी मान्य केलं, तुझं बरोबर होतं."

"खूश झाल्या असतील," बेकरीवाली म्हणाली.

"खूश? म्हणाली, अहो, कुणाला फसवताय? एवढ्यात कशी सुटेल? अजून साक्षी व्हायच्यात. मला फुकटचा निकाल नको. नीट बघा, आणि शेवट लागला की मला सांगा." शिंप्याने टेप गळ्यातून काढून हाताला गुंडाळली. "दुसऱ्या दिवशी दुपारी गेली."

भट्टीत काहीतरी जळत असल्याचा वास आला. बाई उठली, ट्रे बाहेर ओढला, पुन्हा येऊन उभी राहिली.

"मग मी काय करू म्हणता?"

"भांडा."

"मेलेल्या माणसाशी?"

"माझ्याशी. तिची बाजू मी घेतो."

"शिंपीदादा, माझ्या आईची तीन महिने कूस बदलली हो त्यांनी. त्यांच्यावर आता जीभ कशी चालवू?"

"तेव्हाही बदललेलीच होती. चारशे भाग चाललीच ना जीभ?"

बाईला रडता रडता हसू आलं. "चालली. त्यांची काय कमी होती? एकदा मला म्हणाल्या, तुमचा पाव चांगला भाजलेला असतो, डोकं तेवढं कच्चं राहिलंय."

"मला माहीत आहे. लिहिताना मोठ्याने हसली होती."

"पण तुम्हाला काय कळतं मालिकेतलं? सिस्टर सांगायच्या, आमचे हे टीव्हीकडे पाठ करून बसतात."

"पाठ नाही. तिरका बसायचो. कपडे दिसायचे."

"मग कपड्यांवरून काढा खुनी शोधून," ती म्हणाली. निघताना तिने त्याच्या हातात पावाची पिशवी दिली. पैसे घेतले नाहीत. म्हणाली, लढाईआधी शत्रूला जेवू घालतेय.

घरी येऊन शिंप्याने तिच्या फोनवर मालिकेचे जुने भाग काढले. दुपारभर तो चष्मा नाकावर घेऊन बघत होता. दोन गिऱ्हाइकं दार वाजवून गेली. अखेर तिसऱ्या महिन्यातल्या एका भागात त्याला हवं ते सापडलं. म्हातारा मालक, अजून हिंडताफिरता, बागेत उभा. अंगात करडा कोट. डाव्या कॉलरवरचं काज हाताने भरलेलं आणि दोरा चॉकलेटी. करड्या कापडावर चॉकलेटी दोरा कुठला शिंपी वापरेल? दोरा संपला असेल, किंवा उजेड कमी असेल. अशी चूक दोन कोटांवर होत नाही. त्याने कोर्टाच्या पायऱ्यांवरचा भाग लावला, वकिलाच्या कॉलरपाशी थांबवला. चॉकलेटी दोरा.

साडेसातला त्याने लिहिलं.

"वकिलाच्या अंगातला कोट मेलेल्या मालकाचा आहे. कॉलरचं काज बघा. तो कोट मालकाच्या खोलीतल्या कपाटात होता. औषधाची बाटलीही त्याच कपाटात होती. वकील त्या खोलीत कधी गेला नव्हता म्हणतो. मग कोट आला कुठून? थोरलीने केलेलं नाही."

मास्तरीणबाई आधी आल्या. "शिंपीसाहेब, हा वाद आपण बंद केला आहे. सिस्टरच्या आठवणीचा तरी मान राखूया."

शिंप्याने एका बोटाने, अक्षर शोधून शोधून, उत्तर लिहिलं. "मान राखायचा तर तिचं म्हणणं खोडून काढा. येत नसेल खोडता, तर पटवून घ्या. पण दया म्हणून मान्य करू नका. ती काही तुमच्या दारात भीक मागायला बसलेली नव्हती. आणि नंबर काढायचा नाही. काढलात तर मी माझ्या नंबरवरून येईन, मग दोघांना काढत बसा."

जाहिराती संपत आल्या. शिंपी स्टुलावर ताठ बसून पडद्याकडे न बघता फोनकडे बघत राहिला. मग मेसेज आला.

"मी कालचं मागे घेते," बेकरीवालीने लिहिलं होतं. "थोरली खुनी आहे, आणि तुमचा तो कोट म्हणजे कपडेपटवाल्यांची काटकसर आहे. म्हातारा मेला, कोट रिकामा झाला, दिला वकिलाला. एवढ्यावर खटला उभा करता? सिस्टर निदान नाडी बघून बोलायच्या. तुम्ही काजं बघून बोलताय!"

"काटकसर करायची तर खांदा तरी घट्ट केला असता," शिंप्याने लिहिलं.

"घट्ट करायला तुमच्यासारखा महागडा शिंपी हवा ना!"

"मी तटस्थ आहे," पोस्टमनने लिहिलं. "पण काज तेच आहे. मी थांबवून बघितलं."

"तटस्थ माणसाने गप्प बसावं," बेकरीवालीने त्याला झापलं.

भाग संपेपर्यंत चाळीसच्या वर मेसेज झाले. हसरे चेहरे पाठवणाऱ्यांपैकी एकीने दीड वर्षात पहिल्यांदा पूर्ण वाक्य लिहिलं, आणि तेही थोरलीच्या विरोधात. मास्तरीणबाईंनी शेवटी लिहिलं, "ठीक आहे. नंबर राहू दे. पण भाषा जपून." आणि त्याखाली, जरा वेळाने, "विष कालवलं त्या दिवशी थोरलीच मालकाच्या खोलीत होती, हे विसरू नका."

शिंपी खुर्चीकडे बघून म्हणाला, "बघ, ह्याही उतरल्या."

नऊ वाजता मुलीने फोन केला. "बाबा, तो नंबर बंद करायचं काय ठरलं?"

"नाही करायचा," शिंपी म्हणाला. "खटला चालू आहे."

मुलीने विचारलं, "कुठल्या वाहिनीवर लागते ती?"

मालिका अजून चालू आहे. साक्षी व्हायच्यात, वकिलाची उलटतपासणी व्हायची आहे. शेवट लागला की तिला सांगायचं, तेवढं राहिलंय.