यात ती गातच नाही

“लिहून घ्या, एका वर्षात ही पोरगी कुठच्या कुठं जाते,” ऋषी म्हणाला. “आतापर्यंत तिले कोण ओळखत होतं? आपल्यासारखे मूठभर लोक. आता इंग्रजीत गाणं काढलं, मोठी कंपनी मागं उभी राहिली. पुढच्या हिवाळ्यात मुंबईत शो पक्का.”

“अन् मग?” नूपुर उसळून म्हणाली. “मग ती शॅम्पूच्या जाहिरातीत वाजन, लग्नाच्या व्हिडिओत वाजन. मग तिच्यात अन् बाकीच्यांत फरक काय राह्यला?”

“म्हणजे ती मोठी व्हायलेच नको?”

“व्हावं ना मोठं. पण स्वतःच्या आवाजात व्हावं.”

प्रताप नगरातल्या नूपुरच्या घरी, वरच्या खोलीत रविवारी दुपारी हा वाद चालला होता. पोरं सतरंजीवर बसली होती आणि खोलीतली एकुलती एक खुर्ची मुकुंद भोयरला दिली होती. तो दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीनं पाहत होता. अर्धं कळत होतं, अर्धं ओठांवरून जुळवावं लागत होतं. अलीकडे सगळेच पुटपुटल्यासारखे बोलतात, असं त्याला वाटायचं.

वाद यिल्वाबद्दल होता. नॉर्वेच्या उत्तर टोकाला, मासेमारीच्या एका गावात वाढलेली तेवीस वर्षांची गायिका. मुकुंद एकोणपन्नास वर्षांचा, कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात प्रेसवर. पत्र्याचा तुकडा साच्यावर ठेवायचा, वरून घाव पडायचा, तुकडा काढायचा, दुसरा ठेवायचा. सव्वीस वर्षं हेच. कापसाचे बोळे कानात घातले तर फोरमनची हाक ऐकू येत नाही, म्हणून कोणी घालत नसे.

यिल्वा त्याला भेटली ती कंपनीच्या बसमध्ये. चार वर्षांपूर्वी ड्यूटीवरून परतताना मोबाईलवर भजनं लावली होती. ती संपल्यावर मोबाईलनं आपल्या मनानं पुढचं काहीतरी लावलं. शब्द एक कळेना. पण तो बारीक, उंच आवाज असा चढत गेला, की जिथं कोणाचाही श्वास संपावा तिथून ती आणखी एक पायरी वर गेली आणि तिथंच थांबून राहिली. शिफ्ट सुटल्यावरही प्रेसचे घाव मुकुंदच्या डोक्यात तासभर पडत राहायचे. त्या दिवशी ते पडायचे थांबले. घरी येऊन त्यानं गाण्याखाली लिहिलं, ‘पोरी, तुझ्या आवाजानं डोक्यातली ठकठक बंद होते. असंच गात राहाय.’

दुसऱ्या दिवशी खाली उत्तर होतं : ‘काका, तुम्ही नागपूरचे ना?’

ती नूपुर. मग ऋषी आला, आणखी दोघंचौघं आले आणि ग्रुप तयार झाला. पुढे देशभरातले, बाहेरचेही लोक त्यात शिरले. त्या सगळ्यांत मुकुंदला एक वेगळाच मान होता. प्रत्येक गाण्यावर तो चारपाच ओळी लिहायचा. ‘दुसऱ्या कडव्यानंतर मागे कोणी दार लोटते.’ ‘शेवटी श्वास घेताना तिच्याखालची खुर्ची करकरते.’ लोक हेडफोन लावून शोधायचे आणि खरोखरच दार, खुर्ची सापडायची. ऋषीनं त्याचं नाव कानसेन ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदाच कोणी मुकुंदला एखाद्या गोष्टीतला जाणता मानलं होतं. रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून तो प्रताप नगरला जायचा, तेव्हा त्याची बायको प्रेमलता म्हणायची, “निघाले नवरदेव.”

“भांडण बंद,” नूपुर म्हणाली. “आता काकाच सांगतीन. सगळे चूप.”

तिनं नवं गाणं लावलं. मोठा स्पीकर होता. पहिला ठोका फरशीतून मुकुंदच्या तळव्यांना लागला. मग ठोके एकसारखे पडू लागले. त्यांच्या पलीकडे भिंतीआड कोणी बोलावं तशी काहीतरी गुणगुण होती. मुकुंद मान खाली घालून यिल्वाची वाट पाहत बसला. आता येईल, या ठोक्यानंतर येईल. मग ठोके थांबले आणि पोरं त्याच्याकडे पाहू लागली.

“सांगा ना काका.”

“यात तर ती गातच नाही,” मुकुंद म्हणाला. त्याला खरंच तसं वाटलं होतं. नुसतंच वाजवलेलं असेल, गाणं पुढे असेल.

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. मग नूपुरनं टाळी वाजवली. “हेच! हेच मी मघापासून सांगून राहिली! गळा तिचा आहे, पण ती नाही त्यात. काका, एका वाक्यात सांगितलं तुम्ही.”

ऋषीचा चेहरा पडला. “कानसेनच म्हणतात तर...” तो पुटपुटला.

मुकुंदनं दचकून मान वर केली. गळा तिचा आहे म्हणजे? पण समोर नूपुरचे डोळे चमकत होते. त्यानं चहाचा कप उचलला आणि तोंडाला लावला.

नूपुरनं ते वाक्य इंग्रजीत करून सगळीकडे टाकलं. खाली लिहिलं, ‘मुकुंद भोयर, नागपूर, भारत.’ मंगळवारपर्यंत ते कुठल्या कुठे पोचलं होतं. ब्राझीलमधल्या, पोलंडमधल्या लोकांनी ते उचललं. कोणी म्हणालं, या माणसानं दुखरी जागा बरोबर पकडली. कोणी त्याला शिव्या घातल्या. यिल्वा मोठ्या बाजारात टिकेल की हरवेल, यावर जो तो त्या वाक्याचा हवाला देऊन भांडू लागला. आणि शुक्रवारी खुद्द यिल्वानं त्याखाली लिहिलं. ऋषीनं त्याचं मराठी करून मुकुंदला पाठवलं :

‘मी आहे त्यात. होते तशीच आहे. पुन्हा एकदा ऐकाल का?’

मुकुंदनं ऐकलं. बसमध्ये ऐकलं, जेवणाच्या सुट्टीत ऐकलं. आवाज पूर्ण वाढवला तरी ठोके आणि गुणगुण, एवढंच. मग त्यानं तिचं पहिलं गाणं लावून पाहिलं. ते मात्र स्वच्छ होतं. ती चढली, थांबली, दार वाजलं, खुर्ची करकरली. त्याला हायसं वाटलं. म्हणजे कान धड आहेत, गाणंच तसं आहे.

रविवारी तो प्रताप नगरला गेला नाही. बैठकीत, स्वयंपाकघराच्या दाराशी बसून, इयरफोनचा आवाज पूर्ण वाढवून पुन्हा तेच नवं गाणं ऐकत होता. प्रेमलता स्वयंपाकघरातून पिठाच्या हातानं बाहेर आली आणि तिनं त्याचा खांदा हलवला.

“अवो, कमी करा ना ते! कोण पोरगी एवढी बोंबलून राहिली?”

मुकुंदनं इयरफोन काढले. “काय म्हटलं?”

“म्हटलं, ते गाणं कमी करा. पोळ्या लाटता लाटता डोकं उठलं माझं.”

“पोरगी? पोरगी गाऊन राहिली का यात?”

“मग काय बाप्या गाऊन राहिला?” ती हसली. मग त्याचा चेहरा पाहून हसायची थांबली. इयरफोन त्याच्या हातात लोंबत होते. “आताही येऊन राहिला आवाज. तुम्हाले नाही येत?”

त्यानं इयरफोन पुन्हा कानाशी नेले आणि खाली ठेवले. प्रेमलता त्याच्या शेजारी बसली. “मी दोन वर्षांपासून ओरडून राहिली तुमच्यावर,” ती म्हणाली. “मले वाटे, तुम्ही मुद्दाम करता. उमरेडहून आपल्या भूमिकाचा फोन आला का माझ्या हातात देऊन देता. मले वाटे, पोरीशी बोलायचा कंटाळा करता.”

कानाच्या दवाखान्यात तपासणी करणारी बाई तरुण होती. काचेच्या खोलीत बसवून, एकेक सूर सोडून तिनं तपासलं आणि कागदावर दोन रेघा काढून त्याच्यासमोर धरल्या. रेघा डावीकडे सरळ होत्या आणि मधूनच उतार लागल्यासारख्या खाली घसरत गेल्या होत्या.

“जाड आवाज थोडेफार येतात तुम्हाला. बारीक आवाज गेले,” ती मोठ्यानं, एकेक शब्द तोडून म्हणाली. “पाखरं, लहान मुलं, बायकांचे उंच आवाज. मशीनच्या आवाजानं होतं हे. परत येत नाही. यंत्र लावलं तर बोलणं बरं कळेल, गाणं मात्र पहिल्यासारखं नाही.”

“पण जुनं गाणं मले पूर्ण ऐकू येते, मॅडम. बारीकातलं बारीक.”

तिनं त्याच्याकडे पाहिलं. सांगावं की नाही, असं तिला वाटलं असावं.

“ते ऐकू येत नाही, काका. ते तुम्हाला आठवतं.”

मुकुंदनं कागदाची घडी केली, पुन्हा उघडली, पुन्हा केली.

“कंपनीत दरवर्षी तपासणी होते ना तुमची?”

“होते.”

“मग त्यात निघालं नाही?”

मुकुंद उठला. “येतो मॅडम,” म्हणाला.

प्रताप नगरला जाऊन त्यानं सगळं सांगितलं तेव्हा नूपुर आधी रडली. मग डोळे पुसून म्हणाली, “काका, कोणाले सांगू नका.”

“असं कसं?”

“तिनं स्वतः उत्तर दिलं आपल्याले. सारे लोक ते वाक्य बोलून राहिले. आता सांगितलं तर हसतीन. तुमच्यावर हसतीन काका, माझ्यावर नाही.”

“हसू दे.”

“अन् वाक्य काही खोटं नाही. मले खरंच वाटते, ती हरवली त्यात.”

“तुले वाटते तर तू म्हण ना, बेटा. तुले ऐकू येते. मी ऐकलंच नाही. न ऐकता मी तिले बोल लावला.”

नूपुरनं मान फिरवली. ऋषी इतका वेळ दाराशी उभा होता. “काका, तुम्ही मराठीत लिहा,” तो म्हणाला, “मी इंग्रजीत करतो.”

मुकुंदनं तिथंच बसून लिहिलं. तीनदा खोडलं. शेवटी राहिलं ते एवढंच : ‘यिल्वाबाई, तुमच्या गाण्यात खोट नाही. माझे कान गेले आहेत, ते मला आता कळलं. या गाण्यात तुम्ही गाता. माझ्या बायकोनं ऐकलं आहे. मुकुंद भोयर, नागपूर.’

नूपुर म्हणाली तसंच झालं. लोक हसले. दोन दिवस खूप हसले. बहिऱ्या जाणकाराची चित्रं निघाली, कानाला भोंगा लावलेला एक म्हातारा त्याच्या नावानं फिरू लागला. यिल्वाचं उत्तर आलं नाही. तोवर तिचं गाणं जोरात चाललं होतं आणि तिच्याकडे लाखो लोक आले होते. त्या गर्दीत नागपूरच्या कोण्या एका माणसाच्या चार ओळी तिनं वाचल्या की नाही, हे कळायला मार्ग नव्हता. रविवारच्या बैठका आधी लांबल्या, मग बंद झाल्या. नूपुर ग्रुपमधून कधी निघून गेली ते मुकुंदनं पाहिलंही नाही. ऋषी मात्र मधूनमधून लिहायचा. यिल्वा अमेरिकेत गेली, यिल्वा अमक्या यादीत तिसरी आली. मुकुंद उत्तरादाखल हात जोडल्याचं चित्र पाठवायचा.

एकदा बसमध्ये शेजारच्या गोविंदानं त्याच्यापुढे मोबाईल धरला. पडद्यावर मोकळ्या केसांची एक मुलगी तोंड उघडून उभी होती. मुकुंदनं तिला लगेच ओळखलं.

“हे गाणं ऐकलं का गा, मुकुंदभाऊ?” गोविंदा त्याच्या कानाशी ओरडला. “माझी पोरगी दिवसभर लावून राहते. बम चालून राहिलं.”

“हाव,” मुकुंद म्हणाला. “चांगली गाते.”

एप्रिलच्या शेवटी कारखान्यात कानांची वार्षिक तपासणी आली. कॅन्टीनशेजारच्या खोलीत टेबलावर यंत्र मांडलं होतं. पलीकडे तपासणीवाली, अलीकडे कामगार. कानाला हेडफोन लावायचा, आवाज आला की हातातलं बटण दाबायचं. पण तिचा हात यंत्राच्या चकतीवर फिरताना समोरच दिसायचा. हात हलला की बटण दाबायचं, हे मुकुंदला त्याच्या पहिल्या वर्षी जुन्या वामनरावांनी शिकवलं होतं आणि त्यानं मागून आलेल्या सगळ्यांना शिकवलं होतं. कान वाईट निघाला की प्रेसवरून काढून झाडलोटीला किंवा गेटवर बसवत. त्यामुळे कारखान्यात कोणाचाच कान कधी वाईट निघाला नव्हता. दहा मिनिटांत आठ माणसं व्हायची.

मुकुंद खुर्चीत बसला. मागे रांगेत गोविंदा होता. तपासणीवालीनं हेडफोन त्याच्या कानांवर नीट बसवला आणि समोर जाऊन चकतीला हात घातला.

मुकुंदनं डोळे मिटून घेतले.

सुरुवातीला जाड घुमल्यासारखा एक सूर आला. त्यानं बटण दाबलं. मग दुसरा, जरा बारीक. तोही आला. तिसरा आला असं त्याला वाटलं, पण खात्री नव्हती, म्हणून त्यानं दाबलं नाही. त्यानंतर काहीच आलं नाही. कोणीतरी त्याच्या खांद्याला हात लावला, बहुतेक गोविंदा. मुकुंदनं डोळे उघडले नाहीत. तो पाठ ताठ करून, अंगठा बटणावर ठेवून बसून राहिला.