शिवेपार घालवलेली बकरी

बकऱ्यांना काही झालं की रोग शिवेपार घालवायचा, हा सातपुड्याच्या पायथ्याच्या त्या गावाचा जुना शिरस्ता, आणि तो मान प्रमिलाबाईच्या घरचा. आजारी बकरीच्या कपाळाला कुंकू लावायचं, गळ्यात निंबाचा डहाळा बांधायचा आणि नाल्यापलीकडे जंगलात सोडून द्यायची. यंदा मात्र पंचाईत झाली. नाकातोंडातून पाणी गळायला लागलं ते तिच्याच तांबडीच्या. पण मान तो मान! लेकीसारखी वाढवलेली तांबडी तिने सकाळी सोडली आणि घरी येऊन चुलीपुढे ढसाढसा रडली.

दुपारी चोपड्याहून जनावरांची डॉक्टर किरण लस घेऊन आली. सगळं ऐकून तिने कपाळाला हात लावला.

"अक्का, हा पीपीआर, शेळ्यामेंढ्यांची साथ! ती आता पाणवठ्यावर जाणार. तिथे चौशिंगे येतात. हा रोग हरणांनाही लागतो, आणि त्यांना कोण लस टोचणार? शिवाय त्यांच्याकडून तो परत तुमच्याच बकऱ्यांकडे. जंगलाला शीव कुठे ठाऊक असते?"

प्रमिलाबाई ताडकन उठली. गाव वाचवायला गेलो आणि जंगलात रोग पेरून आलो की! किरणने तांबडीला परत आणायला माणसं मागितली, तर कोणी पुढे होईना. घालवलेला रोग परत आणायचा म्हणजे काय थट्टा आहे?

"मीच सोडी दिनी, मीच लयी येसु," प्रमिलाबाई म्हणाली आणि पदर खोचून निघाली.

पाणवठ्याच्या अलीकडे बाभळीखाली तांबडी बसली होती, पाण्यापर्यंत जायचं तिच्यात त्राण नव्हतं. आणि समोरून एक चौशिंगी पाडसाला घेऊन थेट तिच्याच दिशेने येत होती. प्रमिलाबाईने तिला अशा काही शिव्या घातल्या आणि असे काही दगड भिरकावले की मायलेकरं पार टेकडीमागे पळाली. बाईला स्वतःचंच हसू आलं. मग तिने तांबडीला खांद्यावर घेतलं.

शिवेवर गावातले जाणते म्हातारे हिलाल आबा काठी आडवी धरून उभे.

"अक्का, रोग परत गावमा लयी उनी का?"

"गावमा नही येत. मी शिववरच र्‍हासु. पन हाई जंगलमा नही मरनार."

शिवेवरच्या आपल्या रानात तिने तुराट्या आणि निंबाचा पाला लावून आडोसा केला. तांबडीच्या तोंडातल्या जखमा धुतल्या, पेज भरवली, घाण जाळली. घरच्या बाकीच्या बकऱ्यांना हातसुद्धा लावला नाही, त्या जावेने सांभाळल्या. किरण दिवसाआड औषध टोचायला यायची. तिकडे गावातल्या एकूण एक निरोगी बकरीला लस टोचली गेली, आणि पाणवठ्याकडे कोणी कळप नेला नाही. चार दिवस तांबडीने मान उचलली नाही, तेव्हा प्रमिलाबाईने देवाला सोडून सगळ्यांशी भांडून घेतलं. पाचव्या दिवशी तांबडीने आडोशाचाच पाला ओरबाडला.

महिना उलटला. गावात एकही बकरी दगावली नाही. जंगलातही कुठे मेलेलं हरण आढळलं नाही. किरणने तांबडीला तपासून हसत सांगितलं, "न्या घरी. हिला आता हा रोग जन्मात व्हायचा नाही."

शिवेवर अख्खं गाव जमलं. डफ वाजत होता. आजवर तिथून बकऱ्या फक्त बाहेर गेल्या होत्या, परत कोणी आली नव्हती. हिलाल आबांनी पुढे होऊन स्वतःच्या हाताने तांबडीला कुंकू लावलं. प्रमिलाबाईच्या डोळ्यांना धार लागली होती, पण आवाज खणखणीत होता.

"बठ्ठा बाजूले व्हा! मनी बकरी घर जाई र्‍हायनी!"