एक शनिवार पुढे

गुरुवारी संध्याकाळी घड्याळवाल्या आजोबांनी भोंग्याला वाचताना मध्येच थांबवलं.

भोंगा म्हणजे माझा मावसभाऊ. आवाज फुटायला लागल्यापासून त्याला हे नाव पडलंय. त्याला नुकतीच तेरा वर्षं पूर्ण झाली, म्हणून शनिवारी आम्हा ज्यूंच्या सिनेगॉगमध्ये तो पहिल्यांदा सगळ्यांसमोर तोरा, म्हणजे आमचा धर्मग्रंथ, वाचणार होता. त्याला शिकवलं कोणी? मी! दहावीतल्या मी!

आमचे हिब्रूचे सर लेकीकडे राहायला गेले, तेव्हा वर्ग बंदच पडणार होता. वर्ग तरी केवढा! भोंगा आणि आजोबांच्या दोन छोट्या नाती. मी हात वर केला. आजोबा सिनेगॉगचे प्रमुख. ते म्हणाले होते, “शाळकरी पोरगी काय शिकवणार? बरं, भोंग्याचं वाचन नीट होऊ दे, मग वर्ग तुझा.”

आणि आता ते चष्मा कपाळावर सरकवून म्हणत होते, “सूर छान. उच्चार छान. फक्त हा भाग पुढच्या शनिवारचा आहे.”

तोरा आम्ही वर्षभरात वाचून संपवतो, दर शनिवारी एक भाग. त्याचं वेळापत्रक मी इस्रायलच्या एका साइटवरून छापलं होतं. पण वसंतातला आमचा सण तिकडे सात दिवसांचा आणि बाहेरच्या देशांत राहणाऱ्या आम्हा लोकांचा आठ दिवसांचा. यंदा आठवा दिवस नेमका शनिवारी आला. आम्ही सणाचा उतारा वाचत बसलो, ते पुढच्या भागावर गेले, आणि तेव्हापासून ते आमच्या एक आठवडा पुढे! मला कळलं कसं नाही? दर शनिवारी मी मागच्या बाकावर त्या दोन नातींना गप्प बसवत असते. पुढे काय चाललंय याकडे बघायला फुरसत कुणाला!

“मग पुढच्या शनिवारी वाचेल,” आजोबा म्हणाले.

“बाबा रविवारी जाणार,” भोंगा म्हणाला. त्याचे बाबा जहाजावर इंजिनिअर आहेत. आठ महिन्यांनी आले होते, तेही चार दिवसांसाठी, हे वाचन ऐकायला. “ताई, दोन दिवसांत नवीन पाठ होईल?”

होणार नव्हता. तोराच्या गुंडाळीत नुसती अक्षरं असतात. स्वरांच्या खुणा नाहीत, चालीच्या नाहीत. सगळं आधीच पाठ असावं लागतं, आणि एवढ्यासाठी आम्ही तीन महिने घासली होती.

घरी येऊन मी प्रार्थनेचं पुस्तक उघडलं. रडायच्या आधी काहीतरी करावं म्हणून. आणि शनिवार दुपारच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत, हिब्रूत लिहिलेलं दिसलं: इथे पुढच्या शनिवारच्या भागाची सुरुवात वाचावी. पुढच्या! आणि भोंग्याला मी नेमकी सुरुवातच शिकवली होती. मी पलंगावर अशी उडी मारली की आई धावत आली.

शुक्रवारी शाळा सुटली तशी मी आजोबांच्या दुकानात. ते एका मनगटी घड्याळाच्या पोटात चिमटा घालून बसले होते. भोंगा शनिवारी दुपारी वाचेल, असं मी एका दमात सांगून टाकलं.

“ठाऊक आहे मला,” ते मान वर न करता म्हणाले. “पण गुंडाळी काढायला दहा मोठे पुरुष लागतात, मास्तरीणबाई. सकाळी कसेबसे जमतात. दुपारी सगळे घोरत असतात. गेली दोन वर्षं दुपारचं वाचन झालेलंच नाही.”

“मी आणते दहा.”

“तू?” आता मात्र त्यांनी मान वर केली. “आज सूर्यास्ताच्या आत सगळ्यांचा होकार आण. मग शब्बाथ, आपला विश्रांतीचा दिवस, लागला की फोन बंद.”

मला त्या दहांत धरत नाहीत, ही वेगळीच गंमत. पण गोळा करायला कोण अडवतंय?

आजोबा, काका म्हणजे भोंग्याचे बाबा, आणि माझे बाबा तर आलेच. दंतवैद्य पाचव्या मिनिटाला हो म्हणाले. बेकरीवाल्याला चार वेळा सांगावं लागलं. प्लंबरमामा म्हणाले, “वाचेल ना नीट? नाहीतर माझी झोप वाया.” कापडवाले बापलेक एका दमात तयार झाले. राहिले जुळे काका. ते समोरासमोर राहतात आणि तीन वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत.

“तो येणार असेल तर मी नाही,” एक म्हणाला.

“अहो, वाचन चालू असताना बोलायचं नसतंच. मग अडचण काय?”

तो इतका हसला की त्याला हो म्हणावंच लागलं. तोच विनोद मी समोरच्या दारीही खपवला. तिथेही चालला!

शनिवारी दुपारी मी दाराजवळ उभी. एकेक जण येत होता. बेकरीवाला आलाच नाही. त्याची बायको आली. “उठवलं, पाणी मारलं, उठत नाही!” मी पुन्हा पुन्हा मोजलं. नऊ. काकांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि ते दर मिनिटाला भोंग्याकडे बघत होते. मावशी माझा हात चुरगाळत होती.

मी आजोबांजवळ गेले. “नऊच झाले,” मी पुटपुटले. डोळ्यांत पाणी आलंच.

आजोबांनी एक नजर फिरवली. “आणि नवरदेवाला कोणात धरलंस?”

“कोणाला?”

“अगं, तेरा वर्षांचा झाला ना तो? म्हणजे मोठ्या माणसांत जमा. तीन महिने शिकवलंस आणि त्यालाच मोजायला विसरलीस?”

मावशी आधी हसली, मग मी, मग आख्खं सिनेगॉग. दोन्ही जुळेसुद्धा हसले, तोंडं वेगवेगळ्या दिशांना करून.

गुंडाळी निघाली. भोंग्याने चांदीची दर्शक काठी पहिल्या शब्दावर टेकवली. आवाज एकदा चिरकला, एकदा खाली पडला, पण शब्द एकही चुकला नाही. मागच्या बाकावर माझे ओठ त्याच्याबरोबर हलत होते आणि शेवटच्या ओळीला मी कितीतरी वेळाने श्वास सोडला. काकांनी त्याला छातीशी धरलं ते सोडेचनात.

आजोबा गुंडाळी कपाटात ठेवून माझ्याकडे आले.

“उद्या नातींना किती वाजता पाठवू?”

“दहाला,” मी म्हणाले. “आणि वही घेऊन. मागच्या वेळी दोघी विसरल्या होत्या.”

“बरं, बाई,” आजोबा म्हणाले.